आग्वादचा बार

आमच्या घरी 'बार' म्हटलं की कुणालाच दारू आठवत नसे. बाबा खनिजाच्या बार्जवर, म्हणजे नदीतून माल नेणाऱ्या सपाट बोटीवर होते. पावसाळा तोंडावर आला की एक दिवस घरात शिरता शिरताच सांगायचे, "बार बंद जालो." आई लगेच ओळखायची, आता फेऱ्या लांबणार, घरी यायला उशीर होणार.

हा बार म्हणजे गोव्यात मांडवी नदीच्या मुखाशी, आग्वादजवळ पाण्याखाली आडवा पसरलेला वाळूचा पट्टा. पावसाळ्यात समुद्र खवळतो आणि उथळ पाण्यामुळे लाटा नेमक्या या पट्ट्यावर फुटतात. भरलेली बार्ज तिथून काढणं म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून आमोण्याच्या, सारमानसच्या धक्क्यांवर भरलेल्या बार्जी कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारी नदीत उतरायच्या आणि तिथून मुरगाव बंदर गाठायच्या.

आता मी डिचोलीत इंग्रजी शिकवते. 'बार'चे अर्थ विचारले की मुलं साबण, चॉकलेट आणि रस्त्यावरच्या पाट्या सांगतात. मी फळ्यावर एक आडवा दांडा काढते. खिडकीचे गज, तुरुंगाचे गज हे तर सरळच. कोर्टात न्यायाधीशांपुढे लाकडी कठडा असायचा. त्या कठड्यावरून वकिलांच्या मंडळींना बार म्हणू लागले, आणि बॅरिस्टरही तिथलाच. बॅ. नाथ पै आमच्या शेजारच्या वेंगुर्ल्याचे, त्यामुळे ते 'बॅ.' मुलांना पटकन कळतं. दारू देणारा आणि पिणारा यांच्यामधलं आडवं फळकूट म्हणजे दुकानातला बार. पुढे अख्ख्या दुकानालाच ते नाव पडलं. वर्गातली एक मुलगी व्हायोलिन शिकते. तिने स्वरलिपीची वही उघडून मात्रांचे गट वेगळे करणाऱ्या उभ्या रेघा दाखवल्या. त्या रेघांमधल्या प्रत्येक घरालाही बारच म्हणतात.

हवेचा दाब मोजायचा बार मात्र या कुळातला नाही. तो ग्रीक भाषेतून आला, वजन या अर्थाच्या शब्दावरून. बॅरोमीटर त्याचाच भाऊ. समुद्रसपाटीला हवेचा दाब साधारण 1013 मिलिबार असतो आणि वादळ जवळ आलं की तो उतरतो. मला याचं फार नवल वाटतं: एका बारचा आकडा खाली येतो तेव्हा दुसऱ्या बारवर लाटा उसळतात, आणि दोघांचं नातं काहीच नाही.

2012 मध्ये खाणी बंद पडल्या, बार्जी धक्क्याला लागून राहिल्या. माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलांनी 'बार बंद' हे शब्द घरात ऐकलेलेच नाहीत. त्यांच्या छोट्या शब्दकोशात वाळूचा अर्थ अगदी तळाला आहे, काहींत तर नाहीच. तो मी वहीत सगळ्यांत वर लिहायला लावते आणि घरी आजोबांना विचारून या म्हणते. गेल्या खेपेला एक मुलगा कागदावर मांडवीचं मुख काढून घेऊन आला. आग्वादचा किल्ला, काबोचं टोक, मध्ये ठिपक्याठिपक्यांची वाळू आणि भरतीच्या वेळी बार्ज कुठून काढायची त्याची बाणाने दाखवलेली वाट. ती वाट त्याच्या आजोबांनी स्वतः काढून दिली होती.