आमची वाटचाल : शिक्क्यावर नाही, गेजवर विश्वास

येरवड्याच्या गोल्फ कोर्सपासून आमचा गाळा चालत दहा मिनिटांवर. काम गोल्फच्या क्लबांचं, म्हणजे बॉल मारायच्या काठ्यांचं, दुरुस्ती आणि विक्री. सुरुवातीला त्यात एक व्हाइस, एक हीट गन, थिनरची बाटली आणि अण्णा, एवढंच होतं. अण्णांनी उभं आयुष्य कॅडी म्हणून, खेळाडूंच्या क्लबांची पिशवी वाहत काढलेलं. पैसा माझा, पारख त्यांची. क्लब हातात घेऊन कानाजवळ हलवायचे आणि सांगायचे, "पोरा, आत एपॉक्सी सुटलंय. फेरूल काढ." एपॉक्सी म्हणजे हेड दांड्याला चिकटवणारा गोंद, फेरूल म्हणजे त्या जोडावरची कडी. मी काढायचो आणि ते खरं निघायचं.

पहिली काही वर्षं ग्रिपा, म्हणजे दांड्याच्या मुठी, बदलण्यात गेली. मग भिशी उचलून लॉफ्ट-लाय मशीन आणलं. लॉफ्ट म्हणजे पातं मागे किती झुकलंय तो कोन, तो जास्त तितका बॉल उंच जातो आणि जवळ पडतो. लाय म्हणजे दांड्याचा जमिनीशी कोन. हे मशीन दोन्ही मोजतं आणि हेड वाकवून बदलतं. ज्यांनी ते चालवलंय त्यांना कळेल. हेड जबड्यात पक्कं बसवायचं, कोन मोजणाऱ्या गेजचा काटा वाचायचा, होझलला, म्हणजे हेडच्या मानेला, लांब दांडा लावायचा आणि श्वास धरून हळू दाब द्यायचा. फोर्ज्ड हेड लोण्यासारखं वळतं. कडक ओतीव स्टीलचं कुरकुरतं, आणि हलक्या ओतकामाचं असेल तर मानेत तुटतं. ती कुरकुर कुठे थांबवायची हे अण्णांनी शिकवलं, कुठल्या मॅन्युअलने नाही.

आणि एवढं मशीन घरात असताना मी माती खाल्ली.

मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून ४० वेज, म्हणजे जवळून उंच फटका मारायचे जास्त लॉफ्टचे क्लब, घेतल्या. नामांकित शिक्का, लॉफ्ट ५२, ५६ आणि ६० अंश, भाव चांगला. सीझन तोंडावर होता. अण्णा म्हणाले, "लावून बघ मशीनला." मी म्हटलं, कंपनीचा माल आहे, काय बघायचं? १७ विकल्या.

कर्नलसाहेब आमचे पहिल्या दिवसापासूनचे गिऱ्हाईक. रिटायर झाल्यापासून रोज पहाटे कोर्सवर. महिन्याभराने ते आले, दोन वेज बाकड्यावर ठेवल्या आणि म्हणाले, "अरे, ५२ आणि ५६, दोन्हींचा बॉल एकाच जागी पडतोय. माझा स्विंग बिघडलाय की तुझा माल?" गेजला लावल्या. ५२ची भरली ५३, ५६ची भरली ५४. चार अंशांच्या जागी एक अंश. त्याच रात्री उरलेल्या २३ मोजल्या. दोन हेड एकसारखी निघाली नाहीत. माल नकली होता.

व्यापाऱ्याचा फोन बंद. मी सतराही वेजचे पैसे परत केले, त्यासाठी गाळ्याचं डिपॉझिट मोडलं. पण खरा घाव दुसरीकडून बसला. शहरातल्या दुसऱ्या एका दुकानदाराने भेटेल त्याला सांगायला सुरुवात केली की मी जाणूनबुजून नकली माल विकतो. त्याच व्यापाऱ्याच्या त्याच खोक्यातला माल त्याच्या शोकेसमध्येही होता. मी तो डोळ्यांनी पाहिलाय. त्याने एकाचेही पैसे परत केले नाहीत आणि आजही त्याचं नाव चांगलं आहे. हे मला अजून पचलेलं नाही, आणि पचल्याचं सोंग मी आणणार नाही.

दहा महिने फक्त ग्रिपांवर काढले. त्या काळात कर्नलसाहेबांनी आपले १४च्या १४ क्लब माझ्याकडे आणून टाकले आणि म्हणाले, "सगळे मोज. घाई नाही." मग दर शनिवारी कुणाला तरी सोबत घेऊन यायचे, खुर्ची ओढून बसायचे आणि मी मोजत असताना त्या माणसाला गेज दाखवायचे. दुकान त्यांनी उभं ठेवलं. पुढची वर्षं सरळ गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

त्या शनिवारांत जे शेकडो वेळा सांगितलं, ते इथेही सांगतो. वेज घ्यायला निघालात तर आधी तुमच्या सेटमधला पिचिंग वेज, म्हणजे सगळ्यात कमी लॉफ्टचा वेज, मोजून घ्या. पूर्वी तो ४८च्या आसपास असायचा, आताच्या सेटमध्ये ४४ किंवा त्याहूनही कमी भरतो. मग ४४नंतर थेट ५६ घेतला तर मध्ये १२ अंशांची दरी, आणि बरेच ॲप्रोच शॉट, म्हणजे भोकाच्या हिरवळीकडे मारायचे फटके, नेमके तिथलेच. ४४ असेल तर ४९, ५४, ५९ लावा. चार ते सहा अंशांचं अंतर ठेवा. पिशवीत १४च क्लब नेण्याची मर्यादा आड येत असेल तर एखादा लांब क्लब घरी ठेवा.

लॉफ्ट सगळे विचारतात, बाउन्स, म्हणजे सोल (हेडचा तळ) पात्याच्या कडेपेक्षा किती खाली फुगलाय तो कोन, कुणी विचारत नाही. अमेरिकन गोल्फपटू जीन साराझेनने सोलला डाग देऊन जादा धातू बसवला आणि त्या वेजने १९३२ची ब्रिटिश ओपन जिंकली. त्यातलं मर्म हेच होतं, सोल वाळूत रुतू नये. आपल्याकडे जुलैत जमीन लोण्यासारखी मऊ, चार अंश बाउन्सचा वेज बॉलमागे कुदळीसारखा घुसतो. मे महिन्यात हरळीखाली जमीन ठणठणीत, तिथे १४ अंशांचा सोल उसळतो आणि पातं बॉलच्या पोटात बसतं. म्हणून सँड वेजला (वाळूतून काढायचा, ५६च्या आसपासचा) १२च्या आसपास आणि लॉब वेजला (सगळ्यात उंच मारायचा, ६०च्या आसपासचा) सहा-आठ, असं मी सुचवतो. आणि लॉफ्ट दोन अंशांनी कमी करून मागाल तेव्हा बाउन्सही दोन अंशांनी उतरतो. वाकवण्याआधी हे न सांगणारा कारागीर असेल तर क्लब उचलून घरी जा.

अण्णा गिऱ्हाइकाला आधी बाहेर मातीवर स्विंग करायला लावायचे आणि डिव्हट, म्हणजे फटक्याने उखडलेला तुकडा, बघायचे. खोल ढेकूळ निघालं तर जास्त बाउन्स, नुसतं गवत खरवडलं तर कमी. आजही आमच्याकडे पहिली परीक्षा तीच. अण्णा मात्र आता नाहीत.

त्या २३ वेज आम्ही दोघांनी तीन संध्याकाळी बसून कानशीने घासल्या, शिक्का दिसेनासा होईपर्यंत. मग वाकवून खऱ्या लॉफ्टला आणल्या. दोन मानेत तुटल्या. उरलेल्या कॅडींच्या पोरांना सरावाला दिल्या. त्यातला एक पोरगा आज माझ्या बाकड्यावर काम करतो. नवा माल आला की तो शटर अर्धं ओढतो, प्रत्येक हेड गेजला लावतो आणि वहीत दोन आकडे लिहितो, शिक्क्यावरचा आणि भरलेला.