तुम्ही विचारलंत म्हणून: आमचं आइसफ्रूट दगड का होत नाही?

मे महिन्यात आमच्या गोव्यातल्या डिचोलीच्या घरी पाहुण्यांची रीघ लागते. दुसऱ्या दिवशी दुपारी कुणीतरी तोंडातली काडी न काढताच विचारतं, "काकी, तुमचं आइसफ्रूट असं मऊ कसं? आमचं तर दगड होतं." यंदा पुण्याहून आलेल्या पुतण्याच्या बायकोने विचारलं, मग शेजारच्या वयनीने, मग दूधवाल्यानेसुद्धा. तिघांना तीन वेळा सांगून झालं, आता लिहूनच ठेवते.

साखर. एवढंच उत्तर आहे. ते ऐकून लोक माझ्याकडे संशयाने बघतात, खरी गोष्ट मी पदराआड ठेवली आहे असं त्यांना वाटतं.

मलाही हे ठेच लागूनच कळलं. आमच्या ह्यांना डॉक्टरांनी साखर कमी करायला सांगितली, त्या वर्षी मी शहाणपणा करून कोकमाच्या आइसफ्रूटात निम्मीच साखर घातली. स्टीलच्या पेल्यांत लावलेलं ते प्रकरण पाण्याखाली धरूनही सुटेना. सुरीने उचकटायला गेले तर सुरी वाकली. शेवटी सुटलं, पोरांनी चोखायला घेतलं, आणि चार चोख्यांत सगळा लाल रंग आणि गोडी त्यांच्या पोटात. हातात उरली पांढऱ्या बर्फाची कांडी. तुमच्याकडेही हेच होत असणार. पाणी गोठताना आपलं आपलं गोठतं आणि साखर, रंग, आंबटपणा बाजूला ढकलतं. साखर पुरेशी असली की सगळं पाणी गोठू शकत नाही, बर्फाच्या बारीक कणांमध्ये पाक तसाच राहतो, आणि दाताला मऊ लागतो तो हा पाक. ह्यांच्यासाठी आता मी ताक करते. साखर कमी हवी तर गोठवलेलं कमी खावं, साखर कमी घालून गोठवू नये.

दुसरी चूक चाखण्यातली. गार जिभेला गोड कमी कळतं. सरबत पिण्याजोगं झालं म्हणून तेच साच्यात ओतलं तर ते फिकं लागणार आणि टणकही होणार. गोठवायचं मिश्रण चाखल्यावर "बाई, जरा जास्तच झालं" असं वाटायला हवं.

माझं मापच सांगते. भिरंडां, म्हणजे घाटावरचे लोक ज्याला कोकमाची फळं म्हणतात ती, एप्रिल-मेत येतात. काळपट लाल, दाबली तर किंचित बोट रुतेल अशी घ्यायची. धुऊन, कोरडी करून दोन वाट्या करायच्या, बिया वेगळ्या काढायच्या (टाकू नका, वाळवून ठेवा, पावसात टाचांना भेगा पडल्या की भिरंडेल लागतं). सालांच्या वजनाच्या दुप्पट साखर. काचेच्या बरणीत साल, साखर, साल, साखर असे थर, वर फडकं बांधायचं आणि बरणी उन्हात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळीच तळाला रक्तासारखा रस दिसायला लागतो. पाणी थेंबभरही घालायचं नाही, साखरच सालातला रस ओढून घेते. आठवडाभर रोज बरणी हलवायची, मग गाळून चिमूटभर मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड. तांब्याचं किंवा अॅल्युमिनियमचं भांडं मात्र जवळ आणू नका, हे आंबट त्याला खातं.

प्यायला हवं तर एक वाटी पाकाला पाच वाट्या पाणी. गोठवायचं तर एकाला तीन. पुतण्याच्या बायकोने हे पाच आणि तीन फोनमध्ये टिपून घेतलं तेव्हा मला बरं वाटलं, कारण सगळी गोम तिथेच आहे.

हे कळलं की बाकीचं आपोआप उलगडतं. कलिंगडात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच, म्हणून नुसत्या रसाचा दगड होतो. त्यात साखरेचा पाक आणि लिंबू हवंच. कुल्फीला दूध आटवायचं तेही पाणी घालवायलाच. लिटरभर दूध निम्म्याहून खाली आणल्याशिवाय मी गॅस बंद करत नाही. आंब्याचा रस दूध पूर्ण गार झाल्यावर, नाहीतर फाटतं. आणि आंबा मुसराद घ्या. मानकुराद कुल्फीत घालणाऱ्याला मी घरात घेते, पण मनातून नाही. तो हातात धरून, कोपरापर्यंत ओघळ येऊ देत खायचा.

आमच्या मेव्हण्यांनी एकदा गुपचूप एका साच्यात हुर्राक, म्हणजे काजूची दारू, आणि लिंबाचा रस ओतून ठेवला. दोन दिवस वाट पाहिली, तरी काडी उभी राहीना. दारूही साखरेसारखीच गोठणं अडवते, आणि जास्तच अडवते. शेवटी ते चमच्याने खाल्लं गेलं. तक्रार कुणी केली नाही.

सोलकढी गोठवता येईल का, असंही विचारतात. नको. नारळाचा रस गोठून परत पातळ झाला की फाटतो. ती ताजीच प्यावी.

वीज गेली तर? मेमध्ये जातेच. तेव्हा मी लहानपणी पाहिलेला, हाताने फिरवायच्या आइसक्रीमच्या पॉटचाच प्रकार करते. बादलीत बर्फाचा चुरा, तीन भाग बर्फाला एक भाग खडे मीठ. मीठ आगरवाड्याच्या मिठागरातलं, जाडं, किंचित करडं; येताजाता मी पिशवीभर घेऊन ठेवते. मिठाने बर्फ वितळतो आणि वितळायला लागणारी उष्णता पेल्यातून ओढतो. हे मिश्रण शून्याखाली वीस अंशांच्या आसपास जाऊ शकतं, म्हणजे घरच्या फ्रीझरइतकं. झाकलेला पेला त्यात खोचून फिरवत राहायचं, मधूनमधून कडा खरवडायच्या. फिरवल्याने बर्फाचे कण मोठे होत नाहीत. अर्ध्या-पाऊण तासात चमच्याने खाण्याइतकं जमतं. बादलीत हात घालू नका, चटका बसतो. आणि मासे ठेवायला आणतात तो लादीचा बर्फ फक्त पेल्याबाहेर, सरबतात नाही.

माशांवरून आठवलं. फ्रीझरमध्ये कुल्फी झाकूनच ठेवा. मी एकदा झाकण न लावता ठेवली होती, खालच्या कप्प्यात बांगडे. दुधाची साय वास पटकन धरते. वेलची, केशर, सगळं होतं, पण पहिला घास घेतल्यावर पुण्याच्या पाहुण्यांनी एकमेकांकडे जे बघितलं ते मी अजून विसरले नाही. आमच्या ह्यांनी मात्र दोन खाल्ल्या.

तर करायचं असेल ते मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत करून घ्या. एक जूनपासून दोन महिने यांत्रिक बोटींची मासेमारी बंद. त्याआधी आमचे हे म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून सुंगटां (कोळंबी) आणि इसवण (सुरमई) आणून डबे भरायला लागतात, आणि माझे पेले एकेक करून फ्रीझरबाहेर येतात. काल दोन आले.