तुम्ही विचारलंत म्हणून: एवढा सराव असताना यादी कशाला?

कॅम्पर व्हॅन, म्हणजे झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, घेऊन निघताना माझ्या हातातला कागद पाहिला की बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात: इतकी वर्षे गाडी नेता, तरी अजून यादी वाचून निघता? सराव झाला आहे, म्हणूनच वाचतो. नवखा माणूस धास्तीने का होईना, प्रत्येक गोष्टीकडे नीट पाहतो. सरावलेल्याचे हात मात्र आपोआप चालतात, आणि गॅस बंद केल्याची जी आठवण त्याच्या डोक्यात असते ती आजची की मागच्या मुक्कामावरची, हे त्याचे त्यालाच सांगता येत नाही.

वैमानिकांच्या तपासयादीचा उगमही असाच आहे. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेतील राइट फील्ड येथे बोइंगचे मॉडेल २९९ हे विमान उड्डाणानंतर लगेच कोसळले. चालवणारे अत्यंत अनुभवी होते; विमान उभे असताना वाऱ्याने शेपटीचे हलते भाग हलू नयेत म्हणून लावलेली अडकण काढायची तेवढी राहून गेली होती. त्यानंतर तयार झालेल्या याद्या उड्डाणापूर्वी, उड्डाणात, उतरण्यापूर्वी आणि उतरल्यावर अशा टप्प्यांनुसार विभागलेल्या होत्या. मला त्यातली ही विभागणी सर्वांत उपयोगाची वाटते.

माझ्याही याद्या वेळेप्रमाणे वेगळ्या आहेत. घरून निघण्याच्या आदल्या दिवशीची यादी निवांतपणे करायच्या कामांची असते: टायर थंड असताना हवा तपासणे, टायरच्या बाजूवरील चार अंकांवरून तो कोणत्या वर्षाच्या कोणत्या आठवड्यात बनला ते पाहणे, कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मचे बटण दाबून आवाज ऐकणे आणि त्याची मुदत वाचणे. पाण्याची टाकी किती भरायची, हेही तिथेच ठरते, कारण शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो वजन, आणि ते गाडीच्या परवानगीयोग्य भारातूनच वजा होते.

खरी कसोटी लागते ती मुक्काम हलवताना. ही यादी मी गाडीबाहेर उभा राहून, गाडीला एक फेरी मारत वाचतो. विजेची केबल काढून गुंडाळलेली, पायरी आत, वर उचललेले छत खाली आणि दोन्ही कड्या अडकलेल्या, छताच्या खिडक्या बंद, फ्रिजच्या दाराची खिटी लागलेली, गॅस सिलिंडरचा व्हॉल्व्ह हाताने फिरवून पूर्ण बंद असल्याची खात्री केलेली. कागदावर नुसते ‘गॅस’ लिहिले तर डोळे त्यावरून सरकतात आणि मन ‘हो’ म्हणते. व्हॉल्व्ह फिरवून पाहा असे लिहिले की त्यापर्यंत हात न्यावाच लागतो. त्यामुळे प्रत्येक ओळीत काय दिसले किंवा हाताला काय लागले पाहिजे, ते स्पष्ट असावे, असा माझा आग्रह आहे.

दुसऱ्याची यादी जशीच्या तशी उतरवून घेऊ नये, असे मी सांगतो ते बॅटरीमुळे. लेड-ॲसिड बॅटरी काही तास न वापरता ठेवून मोजली तर सुमारे १२.७ व्होल्टला ती पूर्ण भरलेली आणि १२.२ च्या आसपास निम्म्यावर आलेली असते, त्यामुळे यादीत तो आकडा लिहिणे योग्य ठरते. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचा व्होल्टेज मात्र बराच काळ जवळपास स्थिर राहत असल्याने तिथे त्या आकड्यावरून फारसे कळत नाही, आणि शून्याखालील तापमानात तिला चार्ज करायचे नसते, ही वेगळीच ओळ लागते. गॅसचेही तसेच. ब्युटेनची वाफ शून्य अंशाच्या आसपास होईनाशी होते, तर प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत उकळतो. कडक थंडीत जाणाऱ्याच्या यादीत सिलिंडर कशाचा आहे हे यायलाच हवे, नाहीतर सिलिंडर भरलेला आणि शेगडी थंड, अशी गंमत होते.

कपडे, भांडी, चमचे यांना या कागदांवर जागा नाही. चमचा राहिला तर गैरसोय होते, इतकेच. विसरल्यास मोठे नुकसान होईल आणि चालकाच्या जागेवरून जे दिसत नाही, तेवढेच मी ठेवतो. हँडब्रेकचा दिवा समोर लागतो, म्हणून तो यादीत नाही. प्रत्येक फजितीनंतर एकेक ओळ वाढवत गेल्यास कागद लांबतो, आणि लांबलेल्या कागदावर माणूस न पाहताच खुणा करू लागतो.

मोबाइल की कागद, हेही विचारले जाते. मी प्लॅस्टिकच्या आवरणातला कागद वापरतो आणि मुक्कामी तो स्टिअरिंगलाच अडकवून ठेवतो. वाचत असताना शेजारचे कोणी निरोप घ्यायला आले, तर गप्पा जरूर मारतो. ते गेल्यावर यादी मात्र पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करतो.