जुन्या रेकॉर्ड ऑनलाइन विकणं परवडतं का? एका शिलाईवालीचा हिशेब

परभणीत माझं ब्लाउज-ड्रेस शिवायचं दुकान आहे आणि जोडीला मी जुन्या रेकॉर्ड ऑनलाइन विकते. ही दुसरी गोष्ट एकीकडून दुसरीकडे अशी गावभर झाली, आणि आता माप द्यायला आलेली बाईसुद्धा टेप अंगाला लावलेली असतानाच विचारते, "ताई, आमच्या माहेरी बी हायत तसल्या कुत्र्याच्या छापाच्या. किती येतील?" प्रत्येकीला तेच ते सांगून घसा बसायची वेळ आली, म्हणून लिहून ठेवते.

धंदा म्हणून परवडत नाही. घरात माल पडलेला असेल, त्यातला निवडकच विकायचा असेल आणि हाताला दुसरं काम असेल, तर परवडतं. यातलं हाताला काम असणं फार महत्त्वाचं आहे, त्याच्याकडे येतेच.

माझ्याकडचा माल आमच्या मामांचा, म्हणजे सासऱ्यांचा. सेलूला त्यांची साउंड सर्विस होती. दोन कर्णे, एक अॅम्प्लिफायर, पेटीसारखा उघडणारा एचएमव्हीचा, म्हणजे त्याच कुत्र्याच्या छापाचा, फिएस्टा प्लेअर आणि बॅटरी, एवढं सामान बैलगाडीत टाकून ते पंचक्रोशीतली लग्नं करायचे. परभणीला फेब्रुवारीत तुराबुल हक साहेबांचा उरूस भरतो, तिथे कव्वाल्या. एप्रिलात भीमजयंती, तिथे भीमगीतं. जत्रेत तंबूचं टॉकीज असलं की खेळ सुरू व्हायच्या आधी लोक गोळा करायला तासभर सिनेमाची गाणी. १९८० नंतर कॅसेट आल्या आणि रेकॉर्ड पत्र्याच्या दोन पेट्यांत गेल्या. मामा वारल्यावर वाटण्या झाल्या तेव्हा पेट्या कुणालाच नको होत्या. दीर म्हणाले, "वहिनी, भंगारवाल्याला घाला, पेट्यांचे तरी पैसे येतील." पेट्या माझ्याकडे आल्या.

मामा निजामाच्या राज्यात शाळेला गेलेले, उर्दू अगदी सफाईने लिहायचे. जवळपास प्रत्येक कव्हरच्या कोपऱ्यात निळ्या शाईत उर्दूत काहीतरी लिहिलेलं. आमच्या घरात कुणाला वाचता येईना. शेजारच्या चाचींनी चष्मा लावून वाचून दाखवलं: हल्दी, बारात, खाना, रुख़्सती. कोणती रेकॉर्ड लग्नात कधी लावायची त्याची ही खूण. एकीवर "सिर्फ़ फ़रमाइश पर" असं होतं. गाणं कोणतं ते बघून चाची तोंडाला पदर लावून हसल्या, पण सांगितलं नाही. रेकॉर्ड जमवणाऱ्यांच्या लेखी मात्र हे सगळं "कव्हरवर लिखाण आहे" एवढंच, आणि त्याचे पैसे कापले जातात. मी ते खोडायला जात नाही. फोटोत तो कोपरा मुद्दाम जवळून दाखवते, म्हणजे नंतर तक्रार नको.

कारण या विक्रीत सगळा खेळ दर्जाचा आहे. गोल्डमाइन नावाच्या अमेरिकन मासिकाने रूढ केलेली एक उतरंड जगभर चालते: मिंट, नीअर मिंट, व्हीजी (म्हणजे व्हेरी गुड) प्लस, व्हीजी, गुड, आणि मग फेअर, पुअर. यातल्या "गुड"ला फसू नका. रेकॉर्डच्या बाजारात गुड म्हणजे वाजते, पण खरखरीसकट. आणि साउंड सर्विसची रेकॉर्ड म्हणजे राबलेली रेकॉर्ड. त्या वेळच्या सिरॅमिक कार्ट्रिजची, म्हणजे सुई बसवलेल्या तुकड्याची, सुई पाच-सहा ग्रॅमच्या भाराने घासत जायची, आताच्या बऱ्या प्लेअरला दोन ग्रॅमच्या आसपास भार पुरतो. त्यातून ऐन लग्नसराईत झिजलेली सुई कोण बदलत बसतंय! परिणाम असा की रेकॉर्ड दिसायला काळी कुळकुळीत, ओरखडा नाही, पण गाण्यात "स" आला की आवाज फाटतो. प्रत्येक बाजूच्या शेवटच्या गाण्यात तर हमखास, कारण मध्याकडे घेर लहान होत जातो आणि तेवढ्याच वेळाचं गाणं कमी जागेत दाबून बसवलेलं असतं.

म्हणजे नुसतं बघून दर्जा ठरवता येत नाही, ऐकावी लागते. एका एलपीच्या, म्हणजे मोठ्या रेकॉर्डच्या, दोन्ही बाजू म्हणजे चाळीसेक मिनिटं गेली. इथेच हाताच्या कामाचा मुद्दा येतो. शिलाई मशीन चालू असताना खरखर कळत नाही, म्हणून मी हुका लावणं, तुरपाई, फॉल असली हातची कामं साठवून ठेवते आणि दुपारी रेकॉर्ड लावून ती उरकते. जवळ खडू आणि कागद. कुठे टचकन् आवाज आला, कुठे सुई अडकली, लगेच खूण. नुसतं हातावर हात ठेवून ऐकत बसायचं म्हटलं असतं तर पहिल्या आठवड्यातच पेट्या दिरांच्या सल्ल्याने गेल्या असत्या.

धुण्याचंही सांगते. परभणीचं बोअरचं पाणी रेकॉर्डला लावू नका, वाळल्यावर क्षाराचा पांढरा थर बसतो आणि तो खाचांत जाऊन बसला की निघत नाही. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर गॅरेजवाल्याकडे स्वस्तात मिळतं, त्यात भांड्याच्या लिक्विडचा एखादा थेंब आणि मऊ ब्रश. लेबल भिजू द्यायचं नाही. बुरशी फार असेल तर काहीजण पाण्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळतात, ते एलपीला आणि ईपीला, म्हणजे छोट्या रेकॉर्डला, चालतं. ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या, जुन्या जड रेकॉर्डला अल्कोहोल अजिबात नाही. त्या लाखेच्या असतात, लाख अल्कोहोलात विरघळते, पृष्ठभाग जागच्या जागी खलास. सात इंची ईपी वाळायला आमच्या ताटाळ्यात उभ्या छान बसतात. सासूबाईंना ते काही पटलेलं नाही.

आता विकतं काय. यूट्यूबवर बघून लोकांची समजूत झालीय की रेकॉर्डला सोन्याचा भाव आलाय. अमेरिकेत २०२० साली रेकॉर्डची विक्री रकमेच्या हिशेबाने सीडीच्या पुढे गेली, १९८६ नंतर पहिल्यांदाच, हे खरं आहे. पण ती नव्याने छापलेल्या कोऱ्या मालाची विक्री. आपल्या माळ्यावरच्या पेटीचा त्याच्याशी संबंध फार थोडा.

मला येणाऱ्या दर तिसऱ्या फोनात "आमच्याकडे शोलेची डायलॉगची रेकॉर्ड आहे" असं असतं. असणारच. १९७५ सालच्या सिनेमाची ती पॉलिडोर कंपनीची एलपी इतकी खपली की गावोगावच्या साउंड सर्विसकडे एक तरी होतीच. आमच्या पेटीत चार निघाल्या. जी वस्तू सगळ्यांकडे आहे तिला भाव कुठून येणार? तीच गत गाजलेल्या सिनेमांच्या एलपींची. जितका सिनेमा मोठा तितक्या प्रती जास्त, आणि तितक्याच जास्त वाजवून झिजलेल्या. सिनेमा पडला पण संगीत बरं होतं, अशांची चौकशी जास्त होते. भारतीय रेकॉर्डमध्ये परदेशातल्या लोकांना ज्याचं सगळ्यात जास्त वेड, ती चरणजित सिंग यांची सिंथेसायझरवर राग वाजवलेली १९८० च्या दशकाच्या सुरुवातीची एलपी, तेव्हा कुणी विचारली नव्हती. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि जुन्या मूळ प्रतीच्या शोधात लोक हिंडायला लागले. सेलूच्या लग्नात अर्थातच ती कधी वाजली नसणार.

माझ्याकडच्या खऱ्या गेल्या त्या ईपी. पंचेचाळीसच्या गतीच्या, एका बाजूला दोन गाणी, अशा छोट्या. त्यातही कव्वालीच्या आणि भीमगीतांच्या. प्रल्हाद शिंद्यांच्या आवाजातल्या एका ईपीला कव्हरच नव्हतं, साध्या खाकी पाकिटात होती, तरी टाकल्या दिवशी तिघांनी मागितली. घेतली ती नागपूरच्या एका गिऱ्हाइकाने, किंमत न पाडता. ही गाणी वाड्यावस्त्यांवर एवढी वाजली की धड प्रत उरलीच नाही, आणि जपून ठेवायच्या गोष्टींत तेव्हा कुणी ती धरलीही नाहीत. घरोघरी काचेच्या कपाटात राहिले ते नाट्यसंगीत आणि शास्त्रीय. म्हणून बालगंधर्वांची ७८ सापडली की लोकांना वाटतं घबाड मिळालं, पण त्या काळी त्यांच्या रेकॉर्ड घरोघर गेल्या होत्या, आणि वाजवायच्या त्या पोलादी सुईने. चांगल्या स्थितीतली मिळणं अवघड, मिळालेली बहुतेक घासलेली.

७८ चा विषय निघालाच आहे तर, ब्रिटनमध्ये या रेकॉर्ड निघायच्या बंद झाल्यावरही आपल्याकडे निघत राहिल्या. चावीच्या ग्रामोफोनला वीज लागत नाही, आणि खेड्यात वीज होती कुठे! त्यामुळे बीटल्सची गाणीसुद्धा भारतात ७८ वर निघाली आणि त्यांना आज बाहेर मोठा मान आहे. तुमच्या पेटीत पार्लोफोनच्या लेबलची अशी एखादी असेल तर मला फोन करू नका, सरळ मुंबईच्या जाणकाराला दाखवा.

पैशाचं बोलू. एक एलपी मी घरपोच साडेपाचशेला विकली. कुरिअर १३०. आतली नवी पिशवी, पुठ्ठा, टेप मिळून ४०. राहिले ३८०. धुणं, ऐकणं, आठ-दहा फोटो, मेसेजांना उत्तरं, पॅकिंग, कुरिअरच्या दुकानापर्यंत जाणं-येणं. एवढ्या वेळात माझा अस्तराचा एक ब्लाउज आरामात होतो आणि त्याचेही तेवढेच मिळतात. आणि मला माल फुकट पडलाय हे विसरू नका. विकत घेऊन विकायचं म्हटलं तर काही उरत नाही. परदेशी वेबसाइटवर टाकलं तर भाव बरा येतो, पण त्यांचं कमिशन जातं, तेही टपालखर्चासकट सगळ्या रकमेवर. वर नियम कधी बदलतील सांगता येत नाही. अमेरिकेने आठशे डॉलरपर्यंतच्या मालाची करमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून काढली, तेव्हा तिकडची टपालाची पार्सलं काही आठवडे इथून जातच नव्हती. मी देशाबाहेरचं बंदच ठेवलंय.

कुरिअरचा एक हिशेब आधी समजून घ्या. एलपीचं पार्सल काट्यावर सहाशे ग्रॅमच्या आसपास भरतं, पण खाजगी कुरिअरवाले लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन पाच हजाराने भागतात. चौतीस बाय चौतीस बाय चार म्हणजे ०.९२ किलो, म्हणजे बिल एक किलोचं. उंची एक सेंटिमीटर वाढली की दुसऱ्या किलोत गेलात. म्हणून मी एकाच गिऱ्हाइकाला दोन-तीन एकत्र घ्यायला लावते, जाडी फारशी वाढत नाही.

पॅकिंगला पुठ्ठा फ्रिज-टीव्हीच्या दुकानातून आणते, नव्या खोक्यांचा, कडक. रेकॉर्ड कव्हरमधून बाहेर काढून कव्हरच्या मागे वेगळी ठेवायची, नाहीतर वाटेत पार्सल आपटलं की रेकॉर्डची कड कव्हरची शिवण उसवत बाहेर येते. मागेपुढे दोन-दोन पुठ्ठे, एकाच्या नाळी उभ्या तर दुसऱ्याच्या आडव्या, म्हणजे वाकत नाही. हे कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्याचंच गणित, मला कुणी शिकवावं लागलं नाही. पुठ्ठ्याला कटर वापरा. माझी कापडाची कात्री पुठ्ठ्याला लावणाऱ्याची गय होत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

एप्रिल-मेमध्ये मी काहीच पाठवत नाही. बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत बंद टेम्पोच्या पत्र्याखाली पार्सल दिवसभर पडलं तर आतली रेकॉर्ड मऊ पडून वाकडी होते. सपाट दिसते, पण प्लेअरवर ठेवली की सुई डोलायला लागते. तसंही ते लग्नसराईचे दिवस, मला मान वर करायला फुरसत नसते.

गिऱ्हाइकांबद्दल थोडक्यात. रात्री साडेअकराला "लास्ट कितना" विचारणाऱ्याला सकाळीच उत्तर द्यायचं. कॅश ऑन डिलिव्हरी नाही म्हणजे नाही. "पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा" म्हणणारा चोर आहे. पैसे घ्यायला आपल्याला काही स्कॅन करावं लागत नाही, पिन तर नाहीच. बाकी जे खरे शौकीन असतात ते फार सरळ असतात. लेबलचा फोटो, मध्याजवळच्या कोऱ्या कडेवर कोरलेला नंबर आणि "कोणत्या गाण्यात खरखर आहे" एवढंच विचारतात आणि पैसे टाकतात. खोट असलेली रेकॉर्ड खोट सांगून विकली की तोच माणूस पुन्हा येतो. माझी निम्मी विक्री अशा परत येणाऱ्यांचीच आहे.

निवडून काढलेला माल आता संपत आला. उरलेल्यात ओरखडलेल्या एलपी, आणि ७८ ज्या मी टपालाने पाठवतच नाही, कारण पोचेपर्यंत त्यातली एखादी तरी दुभंगणार. संभाजीनगरहून एक घाऊक घेणारा येऊन गेला. सरसकट तीस रुपये नगाने म्हणाला, मी पस्तीसवर आणला, उर्दू लिहिलेली कव्हरं काढून घेतली आणि बाकी सगळं दिलं. शोलेच्या चारपैकी दोन मात्र त्यानेही परत ठेवल्या. कुणाला हव्या असतील तर टपालाचे पैसे पाठवा, जून लागला की पाठवून देते.