दूध गप्प होतं तेव्हा

निवृत्त झाल्यावर घरात माझ्याकडे एकच खातं आलं, ते दुधाचं. पस्तीस वर्षं बँकेत लोकांच्या ठेवी सांभाळल्या होत्या, त्यामुळे रोज सकाळी लिटरभर दूध तापवणं जड जाण्याचं काही कारण नव्हतं. पिशवी धुवायची, कोपरा कापायचा, पातेल्यात आधी थोडं पाणी फिरवायचं म्हणजे दूध तळाला लागत नाही, मग दूध ओतायचं, गॅस मध्यम ठेवायचा आणि उभं राहायचं. हे शेवटचं उभं राहणं हेच खरं काम. पहिल्या महिन्यात दूध अकरा वेळा उतू गेलं. हा हिशेब माझा नाही, बायकोचा आहे. कॅलेंडरवर दुधाचे खाडे लिहितात त्याच्या शेजारी ती बारीकशी फुली मारते.

बरं, मी काही अंघोळीला गेलेला नसतो. ओट्यापाशीच असतो. चष्मा पुसतो, खिडकीतून खाली कोणाची गाडी आडवी लागली आहे ते बघतो, मोबाईलवर आलेला एखादा सुविचार वाचतो आणि तेवढ्यात फस्स आवाज येतो.

दुधाचा स्वभाव पाण्यासारखा सरळ नाही. पाण्याला बुडबुडे येतात, फुटतात, वाफ निघून जाते, विषय संपतो. दूध तापायला लागलं की वर प्रथिनांचा आणि स्निग्धांशाचा पापुद्रा धरतो. खालून आलेल्या वाफेला वाट मिळत नाही. दुधातले बुडबुडे लवकर फुटतही नाहीत. ते एकमेकांच्या खांद्यावर चढत जातात, गोविंदा पथकासारखे, आणि सगळ्यात वरचा थर काठाच्या बाहेर डोकावला की आवरायला वेळ उरत नाही. आठ मिनिटं काहीही घडत नाही आणि मग चार सेकंदांत सगळं घडतं. माणसाचं लक्ष त्या आठ मिनिटांत मरतं.

मुलगा म्हणतो, बाबा, पिशवीतलं दूध पाश्चराईज्ड असतं, तापवायची गरज नाही. खरं असेल. पण न तापवलेल्या दुधावर साय कशी धरणार, सायीला विरजण कसं लागणार, आणि आठवड्याच्या शेवटी तूप कढवल्याचा वास घरात कुठून येणार? त्यावर त्याने तोडगा काढला. माझ्या मोबाईलमध्ये ध्यानाचं एक ॲप टाकून दिलं. म्हटलं, एक पंथ दो काज. ओट्यापाशी उभा राहिलो, कानात बटणं घातली. त्यातल्या बाई अतिशय हळुवार आवाजात म्हणाल्या, विचार येतील, त्यांना येऊ द्या, अडवू नका, नुसतं पाहा. मी विचारांना अडवलं नाही. दुधालाही अडवलं नाही.

उतू गेलेलं दूध ज्याने कधी पुसलं नाही त्याला या प्रकरणाची खोली कळणार नाही. आधी तो जळकट गोड वास. मग शेगडीखाली शिरलेला ओघळ, जो जिथून आत गेला तिथून कधीच बाहेर काढता येत नाही. बर्नरची भोकं बुजतात, ज्योत एका बाजूने पिवळी होते, आणि दुपारभर टाचणी घेऊन एकेक भोक कोरत बसावं लागतं. त्या दिवशी फडकं पिळता पिळता मी जरा मोठ्याने म्हणालो, “गतासूनगतासूंश्च नानुशोचन्ति पण्डिताः.” गेलेल्यांचा आणि न गेलेल्यांचा शोक पंडित करत नाहीत. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातलं आहे.

बायको पोळ्या लाटत होती. म्हणाली, “अहो, त्या पंडितांच्या घरी ओटा कोण पुसायचं, ते लिहिलंय का त्यात?”

नाही लिहिलेलं. सातशे श्लोकांत बर्नरचा उल्लेख नाही.

पण तिच्या बोलण्यातली खोच दिवसभर मनात राहिली. माझं तत्त्वज्ञान नेहमी दूध सांडल्यावर येतं. बढती हुकली की कर्मण्येवाधिकारस्ते. शेअर पडले की जगन्मिथ्या. कोणाच्या दहाव्याला गेलं की वासांसि जीर्णानि. घडून गेल्यावर फिरवायचं पोतेरं म्हणूनच मी ते वापरत आलो. ते पातेल्याखाली जाळ असतानाही उपयोगी पडेल, हे माझ्या गावी नव्हतं.

माझ्या आजीच्या मात्र होतं, आणि तिला संस्कृतातला स येत नव्हता.

आजोळ नेवाशाकडचं. प्रवरेच्या काठी ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी गीता मराठीत सांगितली असं म्हणतात, तो पैसाचा खांब आम्ही लहानपणी शिवून बघायचो. गार असायचा. शके 1212, म्हणजे 1290 साल, हे शेवटच्या अध्यायात नोंदलेलं आहे, आणि आजोबा ते आपल्याच सातबाऱ्यावरची नोंद असल्यासारखं सांगायचे. चातुर्मासात ते पहाटे ज्ञानेश्वरी वाचत, मोठ्याने, माजघरात बसून. स्वयंपाकघरात चुलीवर दुधाचं पातेलं असायचं आणि आजी चुलीकडे पाठ करून, उंबऱ्याशी सूप घेऊन तांदूळ निवडत असायची.

एक सकाळ डोळ्यांसमोर आहे. नववा अध्याय लागला होता. “तरि अवधान एकवेळें दीजे । मग सर्वसुखांसि पात्र होइजे,” असं म्हणून आजोबा पुढे निघाले. आजीची बोटं सुपात चालली होती, खडा इकडे, तांदूळ तिकडे. मध्येच तिने सूप खाली ठेवलं, उठली, चुलीतलं एक लाकूड मागे ओढलं, आणि नुकतंच काठापाशी आलेलं दूध पाण्याचा हबका मारून खाली बसवलं. पुन्हा उंबऱ्याशी येऊन सूप हातात घेतलं आणि माजघराच्या दिशेने म्हणाली, “अहो, एक ओवी गाळलीत.”

आजोबांनी पान मागे उलटलं. गाळली होती.

मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा. मला ओवीचं काही नव्हतं, दुधाचं होतं. “आजी, तुला न बघता कसं कळलं?” ती म्हणाली, “अरे, आवाज येतो की त्याचा. आधी सूं करतं. मग गप्प होतं. गप्प झालं की उठायचं.”

मी पुढे बरीच वर्षं अवधान म्हणजे डोळे वटारून बघणं असं समजत होतो. आम्हाला शाळेत तेच शिकवलं. लक्ष कुठे आहे, फळ्याकडे बघ. पण टक लावून बघणाऱ्याचं लक्षच आधी निसटतं, हे गेल्या दोन वर्षांत ओट्यापाशी सिद्ध केलंय. दुधाकडे बघताना मी खरं तर मी बघतोय हेच बघत असतो, आणि ते काही फार वेळ बघण्यासारखं नाही.

आजीचं जे होतं ते नामदेवांच्या एका पदात नेमकं सापडतं. नामदेवांची 61 पदं शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत, त्यातलं हे. पोरं पतंग उडवतात, सवंगड्यांशी गप्पा मारतात, पण चित्त दोरीवर. “चीतु सु डोरी राखीअले.” बाया डोक्यावर घागरी घेऊन येतात, हसतात, टाळ्या देतात, चित्त घागरीवर. गाय पाच कोसांवर चरते, चित्त वासरावर. आणि शेवटी पाळण्यात बाळ निजवून घरात-बाहेर कामं करणारी आई. यात डोळे मिटून बसलेलं एकही माणूस नाही! सगळे कामात आहेत, बडबड चालू आहे, पतंगवाल्या पोरांचं तर टिवल्याबावल्या करणंही चालू असणार. फक्त एक धागा ताणलेला आहे. ज्या माणसाने हे पाहिलं तो देवळात कमी आणि पाणवठ्यावर जास्त बसला असला पाहिजे, असं मला उगीच वाटतं.

माझा एक मित्र याच्या उलट्या वाटेने गेला. इगतपुरीला धम्मगिरीत दहा दिवसांचं विपश्यनेचं शिबिर करून आला. बोलणं बंद, मोबाईल जमा, पहिले तीन दिवस नुसता नाकाशी येणारा-जाणारा श्वास. बुद्धाच्या सतिपट्ठान सुत्तात चालताना, बसताना, खाता-पिताना, अगदी शौचालाही जाताना भान ठेवा असं सांगितलं आहे, हे त्याने मला चहा पिताना, कप मधोमध धरून, फार संथपणे समजावलं. मला हेवा वाटला. महिन्याभराने विचारलं, कसं चाललंय? म्हणाला, “तीन दिवस टिकलं. चौथ्या दिवशी सोसायटीची मीटिंग होती.”

मनाचं हे असंच आहे, आणि ते आपल्यापासूनच सुरू झालेलं नाही याचा दिलासाही आहे. सहाव्या अध्यायात अर्जुन हीच तक्रार करतो, की मन आवरणं म्हणजे वारा मुठीत धरणं. ज्ञानेश्वर त्याच्या तोंडी आणखी एक घालतात: “जे मर्कट समाधी येईल?” माकड कधी समाधीला बसेल का? यावर कृष्ण रागावत नाही. खरं आहे तुझं, म्हणतो, आणि अभ्यास नि वैराग्य सांगतो. गीता इथे पुढे जाते. ज्ञानेश्वर मात्र जरा रेंगाळतात आणि मनाची बाजू घेतात. “यया मनाचें एक निकें । जें देखिलें गोडीचिया ठायां सोके.” या मनाचं एक बरं आहे, गोडी लागली त्या जागी ते सोकावतं. सोकावणं! गल्लीतल्या मांजराला वापरतो तो शब्द. मनाला दटावू नका, त्याला साय दाखवा, असंच की हे.

मग मी ॲप काढून टाकलं आणि मनाला साय दाखवायला लागलो. म्हणजे ओट्यापासून लांब, हॉलमध्ये पेपर घेऊन बसायला लागलो आणि कान आत ठेवला. बायकोला हे अजिबात पटलं नाही. “जवळ उभं राहून जमत नाही, ते लांबून जमणार?” तिचा मुद्दा बिनतोड होता. पहिल्या आठवड्यात तीन फुल्या पडल्या.

वैराग्याचं काय, हा प्रश्न राहतोच. त्याचं उत्तरही आजीच्याच अंगणात आहे. रथसप्तमीला ती तुळशीपुढे गोवऱ्या पेटवून त्यावर मातीच्या बोळक्यात दूध ठेवायची, ते उतू जावं म्हणूनच. एरवी दोन थेंब सांडले तरी लक्ष्मी गेली म्हणून हळहळणारी ही बाई त्या दिवशी पदर खोचून, ऊन डोळ्यांवर घेत समोर बसायची आणि आम्ही पोरं कोणत्या दिशेला ओघळ जाईल यावर गोट्यांची पैज लावायचो. त्या दिवशी दूध मुद्दाम उशीर करायचं. बोळक्याच्या तोंडाशी फेस यायचा, पुन्हा खाली बसायचा. मग एकदाचं भळकन बाहेर यायचं, गोवरीवर चर्र व्हायचं, राखेचा आणि दुधाचा मिळून वास सुटायचा, आणि आजी हात जोडायची. पाण्याचा हबका मारणारा हात तो हाच. वर्षभर अडवलेलं त्या दिवशी तिने जाऊ दिलेलं असायचं, आणि चेहऱ्यावर हळहळ नसायची. उरलेलं आम्हाला वाटून द्यायची. त्याला धुराची चव असायची.

फ्लॅटमध्ये गोवऱ्या पेटवता येत नाहीत. गेल्या रथसप्तमीला मी गॅसवरच छोट्या पातेलीत वाटीभर दूध मुद्दाम उतू घालवलं, आणि बायकोने फुली मारायच्या आधी तिथी बघून घेतली.

आज सकाळी हॉलमध्ये पेपर वाचत होतो. आत सूं चालू होतं. अग्रलेख अर्ध्यावर आला असेल, आणि एकदम जाणवलं की आत गप्प झालंय. कोणी हाक मारली नाही, मी काही ठरवलं नाही, पेपर आपोआप बाजूला गेला आणि मी उठलो. साठी उलटल्यावर का होईना, कान तयार झाला म्हणायचा! स्वयंपाकघरात शिरलो तेव्हा चेहऱ्यावर थोडं तेजही असावं.

पातेल्यातलं दूध जागच्या जागी होतं. वर पापुद्रा धरलेला, एकही बुडबुडा नाही. खाली ज्योत नव्हती.

“सिलिंडर संपला,” बायको म्हणाली. “नंबर लावा.”