पाणी सोडलं, पण पोचलं का?

शनिवारी सकाळी मेल उघडला तेव्हा क्लॉक ड्रायव्हरचा, म्हणजे प्रोसेसरचा वेग बदलणाऱ्या कोडचा, तो पॅच (कोडमधला बदल) मागे घ्यायचं जवळपास ठरलं होतं. पॅच माझा नव्हता. तो लिहिणाऱ्या मुलाला मी कधी भेटलेलेही नाही. पण त्याने तो सहा वेळा दुरुस्त करून पाठवलेला मी पाहिला होता, आणि प्रत्येक आक्षेपाला त्याने शांतपणे उत्तर दिलं होतं. लिनक्स कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, पुढची आरसी (पक्क्या आवृत्तीआधीची चाचणीची आवृत्ती) रविवारी निघणार होती. कर्नलमध्ये एक नियम फार कडक पाळतात: कालपर्यंत चालणारं यंत्र आज बंद पडत असेल, तर ज्या बदलामुळे पडलं तो बाहेर. बायसेक्टने, म्हणजे बदल अर्ध्याने अर्धे करत दोषी बदल शोधण्याच्या पद्धतीने, बोट त्या मुलाच्या पॅचकडे दाखवलं होतं, त्यामुळे कोणी वाईट वागत होतं असंही नाही.

मी कर्नलमधल्या एका पीएमआयसीच्या ड्रायव्हरची मेंटेनर, म्हणजे तो सांभाळणारी, आहे. मूळ लेखक दुसऱ्या कंपनीत गेला, मेंटेनर्स फाइलमध्ये त्या ड्रायव्हरपुढे 'ऑर्फन' (अनाथ) लागायची वेळ आली, तेव्हा मी माझं नाव घातलं. नोकरी वेगळी आहे. हे काम कोथरूडच्या घरी, रात्री आणि सुट्टीच्या दिवशी चालतं.

पीएमआयसी म्हणजे बोर्डावरचा पाटकरी. एकीकडून पाच व्होल्ट येतात आणि ही चिप ते वाटते: प्रोसेसरच्या कोअरला एक व्होल्टच्या आसपास, मेमरीला वेगळं, यूएसबीला वेगळं. कोणाला कधी, किती, आणि कोणाच्या आधी कोणाला, हे सगळं तिच्या रजिस्टरांत, म्हणजे चिपमधल्या आकड्यांच्या छोट्या कप्प्यांत, लिहिलेलं असतं आणि ड्रायव्हर ती रजिस्टरं आय-टू-सी बसवरून (चिपशी बोलायच्या तारांवरून) बदलतो. माझं माहेर इंदापूर तालुक्यातलं, नीरा डाव्या कालव्याच्या टेलचं, म्हणजे शेवटच्या टोकाचं. वर पाणी सोडलं म्हणजे आमच्या शेतात पाणी आलं असं नसतं, हे आमच्याकडे लहान मुलालाही कळतं. व्होल्टेजचंही तसंच आहे. रजिस्टरात नवा आकडा लिहिला की व्होल्टेज उडी मारून तिथे जात नाही, ठरलेल्या वेगाने चढत जातं. त्या वेगाला रॅम्प रेट म्हणतात. प्रोसेसरचा वेग वाढवायचा तर आधी व्होल्टेज वाढवायचं, ते पोचेपर्यंत थांबायचं आणि मगच क्लॉक वाढवायचा. उतरताना उलट: आधी क्लॉक, मग व्होल्टेज.

तक्रार आली होती उत्तर युरोपातल्या एका इंजिनिअरकडून. त्यांची उपकरणं शीतगृहांत बसतात. नवा कर्नल टाकल्यापासून चाळीसपैकी चार-पाच बोर्ड मधूनच गोठायचे. लॉग नाही, पॅनिकचा (कर्नल कोसळल्याचा) संदेश नाही, काहीच नाही. त्याने बायसेक्ट केलं. दोन आवृत्त्यांमध्ये बारा-चौदा हजार बदल असतात, अर्ध्याने अर्धे करत गेलं तर चौदा पायऱ्यांत गुन्हेगार सापडतो. पण इथे एकेका पायरीवर बोर्ड गोठतो की नाही हे बघायला तासन्‌तास लागत होते. नऊ दिवस त्याने हे केलं. इतक्या चिकाटीने केलेला रिपोर्ट मी फार कमी वेळा पाहिलाय.

शेवटी सापडलेला बदल असा होता. पूर्वी वेग बदलताना पीएलएल (क्लॉक तयार करणारं सर्किट) नव्याने लॉक, म्हणजे नव्या वेगावर स्थिर, व्हायचं आणि त्याला दीडशे मायक्रोसेकंद जायचे. नव्या पॅचने दोन पीएलएल आधीच लॉक करून ठेवली आणि मक्स (दोहोंतून एक निवडणारा स्विच) फिरवून एका क्षणात एकावरून दुसऱ्यावर उडी. काम सुरेख होतं. मला खटकलं ते एवढंच, की गोठणं नेहमी वेग वाढताना आणि थंडीत व्हायचं. कमी व्होल्टेजवर हल्लीच्या बारीक प्रोसेसवरचे ट्रान्झिस्टर थंडीत जास्त मंद होतात. म्हणजे वेग वाढतो त्या क्षणी त्यांना व्होल्टेज कमी पडतंय की काय? आणि व्होल्टेज देणारी चिप तर माझी.

म्हणून गुरुवारीच मी त्याच्याकडून रजिस्टरांचा डंप, म्हणजे सगळ्या किमतींची यादी, मागवला होता, रेगमॅपच्या (रजिस्टरं वाचण्या-लिहिण्याचं काम बघणाऱ्या कर्नलच्या भागाच्या) डीबगएफएसमधून, म्हणजे तपासणीच्या फाइलींतून. माझ्या बोर्डाच्या डंपशी ओळीला ओळ लावून पाहिला. रॅम्पच्या रजिस्टरात दोन्हीकडे तोच आकडा, रीसेटचा, म्हणजे चिप सुरू होताना असतो तो. शुक्रवारी रात्री माझा बोर्ड सिलिका जेलच्या पुड्या घालून झिपच्या पिशवीत भरला आणि घरच्या फ्रीझरमध्ये ठेवला, वायरी दाराच्या रबरातून बाहेर. रात्रभर वेग वर-खाली करणारी स्क्रिप्ट चालली. बोर्ड एकदाही गोठला नाही. सकाळी तो बाहेर काढताना, आपला ड्रायव्हर निर्दोष आहे असं मी जवळपास लिहून टाकलं होतं. मसुदा तयार होता.

पाठवला नाही, कारण पाठवण्याआधी ड्रायव्हर वरपासून खालपर्यंत एकदा वाचावा असं वाटलं. आणि सुरुवातीलाच रजिस्टरांच्या डीफॉल्टांचा तक्ता आला. रेगमॅपला असा तक्ता दिला की तो त्यावरून आपली कॅश, म्हणजे जवळची नक्कल, भरतो आणि व्होलाटाइल (आपोआप बदलणारी) म्हणून सांगितलेली रजिस्टरं सोडली तर बाकीच्यांची किंमत चिपला न विचारता कॅशमधूनच सांगतो. त्याच्या लेखी चिप रीसेटमधून नुकतीच बाहेर आली आहे. पण आमच्याआधी बूटलोडर, म्हणजे कर्नल सुरू करून देणारा प्रोग्राम, चालतो. त्याने काही बदललं असेल तर? डीबगएफएसने मला त्या इंजिनिअरच्या चिपमधलं काहीच दाखवलं नव्हतं. मीच लिहिलेला तक्ता मला परत वाचून दाखवला होता.

तिकडे अजून पहाट होती. मी लिहिलं: आय-टू-सी-डंपने थेट चिप वाच, कर्नलला मध्ये घेऊ नकोस. दुपारी एकला उत्तर आलं. रॅम्पच्या रजिस्टरातले दोन बिट वेगळे होते. त्यांच्या बोर्डाचा बूटलोडर चढण्याचा वेग मुद्दाम कमी करत होता, सेकंदाच्या लाखाव्या भागात होणारी करंटची ओढ आटोक्यात ठेवायला. छोट्या पॉवर सप्लायवर चालणाऱ्या बोर्डासाठी हे अगदी रास्त आहे. माझा ड्रायव्हर धरून चालला होता मायक्रोसेकंदाला १२.५ मिलिव्होल्ट. चिप चढत होती ३.१२५ ने. चौपट हळू.

हिशेब कागदावर मांडला. ०.७५ वरून १.०५ व्होल्टवर जायचं म्हणजे ३०० मिलिव्होल्ट. माझा ड्रायव्हर सांगणार, २४ मायक्रोसेकंद थांबा. खरे लागणार ९६. जुन्या क्लॉक ड्रायव्हरमध्ये पीएलएलचे दीडशे मायक्रोसेकंद मध्ये असायचे, तेवढ्यात व्होल्टेज निवांत पोचायचं. त्या मुलाच्या पॅचने ते आडोशाचे दीडशे काढून घेतले. बायसेक्टने खोटं काही सांगितलं नव्हतं. चूक केव्हापासून दिसायला लागली, ते त्याने बरोबर दाखवलं. चूक कुठे आहे हा वेगळा प्रश्न होता, आणि तो विचारायचं काम माझं होतं.

पण कागदावरच्या हिशेबाने रिव्हर्ट, म्हणजे पॅच मागे घेणं, थांबत नाही. मी बोर्ड पुन्हा पिशवीत भरला. या वेळी यू-बूट या बूटलोडरच्या प्रॉम्प्टवरून त्या दोन बिटांत तिकडचाच आकडा लिहिला आणि मग कर्नल सुरू केला. सासूबाई स्वयंपाकघरात आल्या, ओट्यावर मटारच्या पिशव्या आणि खोवलेल्या नारळाचा डबा काढून ठेवलेला.

"परत? काल रात्रभर झालं ना तुझं?"

"अहो आई, काल मी चुकीचं बघत होते. तासभरच."

"मटार सुटतील गं. थांब, मी शेजारी ठेवून येते. काय होतंय त्याला, तापतंय का?"

"नाही, गारठल्यावर बंद पडतंय. पडायला हवंय."

त्या पिशव्या घेऊन शेजारी गेल्या आणि परत येऊन माझ्याबरोबर स्क्रीनकडे बघत उभ्या राहिल्या. अकराव्या मिनिटाला आकडे सरकायचे थांबले. कीबोर्डला प्रतिसाद नाही, सीरियल कन्सोल मुका. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा गोठला. सगळ्यात जास्त वेळ लागला तो सतरा मिनिटं.

मग स्कोप. घरी दोन चॅनेलचा छोटा ऑसिलोस्कोप आहे. एक प्रोब कोअरच्या बकच्या (व्होल्टेज उतरवून देणाऱ्या सर्किटच्या) आउटपुट कपॅसिटरवर, ग्राउंडची लांब वायर काढून आखूड स्प्रिंग लावून. दुसरा एका मोकळ्या जीपीआयओ पिनवर. क्लॉक बदलण्याच्या आदल्या ओळीत ती पिन वर करणारी एक ओळ कर्नलमध्ये घातली. चित्र पहिल्याच ट्रिगरला आलं. खालची रेघ तिरपी चढतेय आणि ती अर्ध्यावरही पोचलेली नसताना वरची पिन ताडकन उभी. कर्सर लावला: ०.८६ व्होल्ट. हवे होते १.०५. टेलच्या शेतात पाणी यायच्या आधीच पेरणी झाली होती.

आता उरलं होतं ते मला नको असलेलं काम. हे १२.५ ड्रायव्हरमध्ये लिहिलं कोणी? कुठली ओळ कोणाची ते सांगणारं गिट ब्लेम चालवलं. कमिट (नोंदवलेला बदल) माझा होता, तीन वर्षांपूर्वीचा.

लिनक्समध्ये रेग्युलेटरचं, म्हणजे व्होल्टेज देणाऱ्या चिपांसाठीचं सामायिक, फ्रेमवर्क २००८ साली, २.६.२७ आवृत्तीत आलं. किती थांबायचं हा हिशेब पुढे त्याच्या गाभ्यातच करता यायला लागला. ड्रायव्हरने फक्त रॅम्प रेट सांगायचा. मूळ लेखकाने मात्र हाताने लिहिलं होतं: प्रत्येक बदलानंतर २०० मायक्रोसेकंद थांब. मी मेंटेनर झाल्यावर हौसेने साफसफाई केली. 'उगाच ठेवलेला ठोकळ थांबा काढला' असं कमिट संदेशात लिहिलं आणि त्याजागी डेटाशीटमधला रीसेटचा रॅम्प रेट घातला. वेग बदलायला लागणारा वेळ घटला, त्याचे आकडेही मी अभिमानाने जोडले होते.

तो थांबा ठोकळ नव्हता, हे मला त्या शनिवारी कळलं. त्या बकचा पल्ला ०.७ ते १.३ व्होल्ट, म्हणजे ६०० मिलिव्होल्ट. सगळ्यात हळू रॅम्प ३.१२५. भागाकार केला तर १९२. त्यावर थोडी सूट धरून २००. चिप कुठल्याही सेटिंगवर असो, बूटलोडरने काहीही लिहिलेलं असो, व्होल्टेज पोचलेलंच असेल, असा हिशेब करून मूळ लेखकाने तो आकडा लिहिला होता. फक्त हिशेब कोडमध्ये लिहिला नव्हता आणि मी त्याला विचारलं नव्हतं. तेव्हा विचारलं असतं तर नऊ दिवस कोणीतरी शीतगृहातले बोर्ड बदलत बसला नसता आणि एका मुलाच्या चांगल्या कामावर ठपका आला नसता. याचं मला खरंच वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

पॅच तसा लहान. पण नुसतं 'प्रोबच्या वेळी (ड्रायव्हर सुरू होताना) रॅम्पचं रजिस्टर वाच' एवढं पुरलं नसतं, कारण वाचताना कॅशने पुन्हा तक्त्यातलाच आकडा दिला असता. म्हणून आधी डीफॉल्टांचा तक्ता काढला, मग चिपमधला खरा रॅम्प रेट वाचून तोच फ्रेमवर्कला सांगितला. डिव्हाइस ट्रीत (बोर्डाचं वर्णन असलेल्या फाइलीत) कोणी स्वतः रॅम्प दिला असेल तर तो चिपमध्ये लिहायची सोयही केली. कमिट संदेशात स्कोपवरचे आकडे घातले आणि खाली 'फिक्सेस' लिहून माझ्याच जुन्या कमिटच्या ओळखक्रमांकाची पहिली बारा अक्षरं. क्लॉक ड्रायव्हरच्या पॅचमध्ये दोष नाही, तो राहू द्यावा, हे वेगळ्या परिच्छेदात स्पष्ट लिहिलं. रात्री पावणेअकराला पाठवला.

रविवारी सकाळी रिव्हर्ट रांगेतून काढून टाकला गेला. त्या मुलाने माझा पॅच वाचून एक चूक दाखवली: रजिस्टर वाचताच आलं नाही तर काय, याचा विचार मी केला नव्हता. अशा वेळी सगळ्यात हळू रॅम्प धरायचा असं ठरवून दुसरी आवृत्ती पाठवली. उत्तर युरोपातल्या इंजिनिअरने चाळीसही बोर्ड तीन दिवस थंडीत चालवले आणि मग 'टेस्टेड-बाय', म्हणजे स्वतः तपासल्याची सही, दिलं. एकही गोठला नाही. पुढे तो पॅच जुन्या स्टेबल आवृत्त्यांतही गेला.

दुसऱ्या आवृत्तीत मी आणखी एक गोष्ट केली होती. रॅम्पच्या ओळींच्या वर टिप्पणी घातली: ६०० मिलिव्होल्ट, ३.१२५, १९२, आणि हा हिशेब मूळ ड्रायव्हरमधला आहे असं त्याच्या लेखकाच्या नावासकट. त्याचा मेंटेनर्स फाइलमधला पत्ता केव्हाच बंद पडलाय. गिटच्या इतिहासात शोधल्यावर, दोन वर्षांपूर्वी त्याने दुसऱ्याच एका ड्रायव्हरला पाठवलेला पॅच सापडला, त्यावरच्या पत्त्यावर प्रत पाठवली. मंगळवारी उत्तर आलं. मजकूर काही नाही, फक्त एक ओळ, त्याच्या नावाची: 'रिव्ह्यूड-बाय'.