रायफलचा रेग्युलेटर आणि वेळेचा रकाना : माझा अनुभव

दहा मीटर एअर रायफलच्या पात्रता फेरीत ६० शॉट असतात आणि इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर ते मारायला १ तास १५ मिनिटे मिळतात. एका स्पर्धेत मी ६२०.३ वर थांबले. सरावात माझी बेरीज बहुतेक वेळा ६२४ च्या आसपास येते, त्यामुळे गेलेले चार गुण मला चांगलेच बोचले. गुण गेले यापेक्षा ते कसे गेले हे जास्त खटकत होते. ट्रिगर सुटताना जो शॉट मध्यावर बसला असे वाटले होते, तो पडद्यावर १०.१ किंवा ९.९ दिसायचा, आणि दिसायचा तो नेहमी वरच्या बाजूला.

मला शिकवणाऱ्या सरांचे निदान तयारच होते. "अगं, शॉट सोडून देतेस, रायफल खाली ठेवतेस, पुन्हा उचलतेस तेव्हा श्वास वर असतो. मग शॉट वरच जाणार." यात काही चूक नव्हती. होल्ड, म्हणजे नेमावर रायफल स्थिर धरणे, जमला नाही की शॉट रद्द करून रायफल टेकवायची, दोन-तीन मिनिटे थांबायचे आणि पुन्हा सुरुवात करायची, ही माझी सवय आहे. असा पुन्हा उचलून मारलेला शॉट मनाने थोडा अस्वस्थच असतो. दोष माझाच, असे मानून मी आठवडाभर श्वासाचा सराव केला. शॉट वर जातच राहिले.

इथे थोडा हिशेब सांगते, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका फक्त ०.५ मिलिमीटर व्यासाचा असतो आणि एका वर्तुळापासून दुसऱ्या वर्तुळापर्यंत २.५ मिलिमीटरचे अंतर असते. म्हणजे एक दशांश गुण ०.२५ मिलिमीटरचा झाला. शॉट एक मिलिमीटर वर गेला की चार दशांश गेले. नुसत्या डोळ्याला हा फरक माणसाच्या थरथरीत सहज लपून जातो, आणि म्हणूनच रायफलमधला लहान बिघाड नेमबाजाला स्वतःचाच दोष वाटत राहतो.

रायफलकडे पहिल्यांदा वळले ते घाऊक संशय घेऊनच. मागची साईट, म्हणजे नेम धरायचा भाग, हलते का ते पाहिले, लाकडी दस्त्याचे आणि नळीचे स्क्रू टॉर्क रेंचने ठरलेल्या मापाला तपासले, पेलेटचा, म्हणजे गोळ्यांचा, डबा बदलला. सगळे जागच्या जागी होते. मग लोडिंग प्रोबच्या, म्हणजे पेलेट नळीत ढकलणाऱ्या दांडीच्या, टोकावरच्या ओ-रिंगवर (रबरी कडीवर) नजर गेली, कारण ती झिजते हे सगळ्यांनाच माहीत असते. तपासायची रीत सोपी आहे. टिश्यू पेपरची बारीक पट्टी ब्रीचजवळ, म्हणजे पेलेट घालायच्या जागेजवळ, धरून शॉट मारायचा आणि ती फडफडते का ते पाहायचे. माझी पट्टी किंचित हलली, किंवा मला ती हलावी असे वाटत होते म्हणून हलल्यासारखी दिसली. मी लगेच ओ-रिंग बदलली. त्या बदलाने काही बिघडले नाही आणि काही सुधारलेही नाही.

पुढे सिलिंडर, म्हणजे रायफलची दाबाखालची हवा साठवणारी टाकी. साबणाचे पाणी सांध्यांवर लावले, एकही बुडबुडा आला नाही. संध्याकाळी प्रेशर गेज २०० बारवर होते आणि पहाटे ते १९४ च्या जवळ आले, तेव्हा क्षणभर गळती सापडल्याचा आनंद झाला. पण भरताना हवा तापलेली असते आणि रात्री सगळेच गार होते. तापमान १० अंशांनी उतरले तर २०० बारचा दाब सहा-सात बारने उतरणारच. दुसऱ्या संध्याकाळी काटा पुन्हा जवळजवळ जागेवर आला आणि तो आनंद विरला.

त्यानंतर काही दिवस मी काहीच केले नाही. स्पर्धेचा छापील कागद रायफलच्या पेटीत घडी करून पडला होता. तो एकदा सहज उघडला, तेव्हा गुणांच्या शेजारच्या रकान्याकडे पहिल्यांदा नीट पाहिले. तिथे प्रत्येक शॉटची वेळ छापलेली होती. आपण गुण वाचतो, दिशेचा बाण वाचतो, वेळ कोणी वाचत नाही. मी पेन्सिल घेऊन प्रत्येक शॉट आणि त्याच्या आधीचा शॉट यांच्यामधले सेकंद शेजारी लिहीत गेले. बहुतेक जागी ४० ते ५० सेकंदांचे अंतर होते. नऊ जागी ते दोन ते पाच मिनिटांचे होते. त्या नऊपैकी सात शॉट सरळ वर गेलेले होते, आणि जितका थांबा मोठा तितका शॉट साधारणपणे जास्त वर.

मधे एक घोळ होता. दोन शॉट वर गेल्यावर मी स्पर्धेतच मागच्या साईटला तीन क्लिक (साईट सरकवायचे बारीक टप्पे) खाली दिले होते, त्यामुळे त्यानंतरचे नेहमीच्या लयीतले शॉट थोडे खाली पडले आणि पुढच्या लांब थांब्यानंतरचे शॉट कमी वर दिसले. क्लिकचे माप वजा करून सगळे पुन्हा मांडले, तेव्हा चित्र स्वच्छ झाले. एवढेच नव्हे, माझे चार गुण नेमके कुठे गेले तेही कळले : काही थांब्यांमुळे आणि बाकीचे त्या तीन क्लिकमुळे, म्हणजे नसलेली चूक दुरुस्त करण्यात.

पण एवढ्यावर सरांशी वाद घालता आला नसता. थांब्यानंतर नेमबाजही बिघडतो आणि रायफलही बिघडू शकते, आणि कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. त्यासाठी नेमबाजाला, म्हणजे मलाच, यातून काढून टाकणे भाग होते. क्लबमध्ये पेलेटचे बॅच तपासायला एक शिकंजा आहे. त्यात रायफलचा ॲक्शन (दस्त्याशिवायचा यांत्रिक भाग) आवळून बसवला आणि घड्याळ लावून ४५ सेकंदांच्या अंतराने वीस शॉट मारले. कागदावर एकच भोक पडले, कडा थोड्या फाटलेल्या. मग सहा मिनिटे हात न लावता थांबले आणि एकविसावा शॉट मारला. त्या गोल भोकाच्या वरच्या कडेला अर्धचंद्रासारखा एक फुगवटा आला, खाली नाही, डावी-उजवीकडे नाही. बाविसावा शॉट लगेच मारला, तो परत जुन्या भोकात गेला. शिकंज्याला श्वास नसतो, हे मी सरांना फक्त डोळ्यांनी सांगितले.

आता वेग मोजायचा राहिला होता. क्रोनोग्राफ, म्हणजे गोळीचा वेग मोजणारे यंत्र, नळीच्या तोंडापुढे ठेवला. नेहमीच्या लयीत आकडे १७०, १७१, १७१, १७२ मीटर प्रति सेकंद असे येत होते, जे अशा रायफलला शोभणारे आहेत. दोन मिनिटे थांबल्यावर १७६ आला, पाच मिनिटांनी १८१, दहा मिनिटांनी १८३. त्यानंतरचा लगेचचा शॉट पुन्हा १७१. वेग जास्त म्हणजे गोळी दहा मीटर लवकर कापते आणि तेवढ्या वेळात कमी खाली येते. १७१ वरून १८१ वर गेल्यास हा फरक सुमारे दोन मिलिमीटर भरतो, म्हणजे सात-आठ दशांश. कागदावरचा फुगवटा तेवढाच होता.

ज्यांनी हा भाग उघडा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. सिलिंडरमधला दाब प्रत्येक शॉटबरोबर उतरत जातो, पण पेलेटला दर वेळी सारखाच धक्का मिळायला हवा. म्हणून सिलिंडर आणि फायरिंग व्हॉल्व्ह यांच्या मधे रेग्युलेटर बसवलेला असतो. तो हवा एका लहान कोठीत ठरावीक, बऱ्याच कमी दाबापर्यंत सोडतो आणि तो दाब आला की त्याचा पिस्टन एका बारीक सीटवर टेकून वाट बंद करतो. सीट नीट बंद होत नसेल तर हवा केसाएवढ्या फटीतून झिरपत राहते आणि कोठीतला दाब हळूहळू चढतो. ४५ सेकंदांत तो जाणवण्याइतका चढत नाही, पाच मिनिटांत चढतो. एक शॉट मारला की कोठी रिकामी होऊन दाब पुन्हा ठिकाणावर येतो. हवा बाहेर कुठेच जात नाही, त्यामुळे साबणाचे पाणी गप्प बसते. सिलिंडरवरचे गेज सिलिंडरचाच दाब दाखवते, कोठीचा नाही, त्यामुळे तेही गप्प बसते. मी दोन आठवडे ज्या दोन साक्षीदारांना विचारत होते, त्यांनी काही पाहिलेलेच नव्हते.

सुटे भाग मागवताना रायफलचा अनुक्रमांक कळवावा लागला, कारण याच मॉडेलमध्ये रेग्युलेटरची रचना मधेच बदललेली आहे. मी पहिल्यांदा फक्त मॉडेलचे नाव लिहिले आणि जुन्या रचनेची सीट हातात पडली. तिचा व्यास बरोबर होता, जाडी वेगळी. ती बसली असती, आणि तेच जास्त वाईट झाले असते. योग्य सीट आणि दोन ओ-रिंग यायला आणखी काही दिवस गेले.

उघडण्याचे काम मी एकटीने केले नाही. दाबाखालचा सांधा सैल करणे हा या रायफलशी करता येणारा सर्वांत मोठा मूर्खपणा आहे, म्हणून क्लबची शस्त्रे सांभाळणाऱ्या काकांना शेजारी बसवले. त्यांनी सिलिंडर काढायला लावला आणि मग विचारले, "आत काही उरले नाही कशावरून?" मी ट्रिगर दाबला, खट्ट असा आवाज आला आणि मी म्हणाले, "रिकामी." काका हसले आणि त्यांनी खटक्याकडे बोट दाखवले. तो ड्राय फायरवर, म्हणजे गोळी न मारता सराव करायच्या स्थितीत, होता. त्या स्थितीत व्हॉल्व्ह उघडतच नाही, ट्रिगर कितीही वेळा दाबला तरी कोठीतली हवा आहे तिथेच राहते. खटका बदलून, नळी सुरक्षित दिशेला धरून पुन्हा दाबला तेव्हा फट्ट झाले. आणखी दोनदा दाबल्यावर आवाज पूर्ण थांबला. तेव्हाच त्यांनी पाना हातात दिला.

आत तबकडीच्या आकाराच्या छोट्या स्प्रिंगांची एक चळत होती. त्या एकमेकींना पाठ किंवा पोट लावून ठरावीक क्रमाने रचलेल्या असतात आणि एकही उलटी झाली तर दाब बदलतो, म्हणून प्रत्येक टप्प्यावर फोटो काढत गेले. सीट म्हणजे पांढऱ्या कडक प्लास्टिकचा, शर्टाच्या बटणाहून लहान तुकडा. भिंगाखाली त्याच्यावर पिस्टनच्या टोकाने उमटवलेली एक बारीक, स्वच्छ गोल रेघ दिसली, जी असायलाच हवी. पण त्या रेघेला एका जागी आडवा छेद गेला होता आणि छेदाच्या तोंडाशी एक करडा कण रुतून बसला होता. तो आला कुठून हे शोधायला लांब जावे लागले नाही. माझ्या भरणीच्या अडॅप्टरला टोपण नव्हते आणि तो पेटीत उघडाच पडलेला असायचा. प्रत्येक वेळी हवा भरताना त्यात बसलेली धूळ मी स्वतःच आत ढकलत होते.

जुळणी करताना ओ-रिंगांना सिलिकॉन ग्रीसचा केवळ ओलसरपणा दिसेल एवढाच हात लावला. खनिज तेल इथे चालत नाही. जास्त दाबाच्या हवेत ते पेट घेऊ शकते, आणि हा धोका केवळ कागदावरचा नाही. दाब ठरवणारा स्क्रू आम्ही हलवलाच नाही. सिलिंडर मात्र भरण्याआधी त्याच्यावरची तारीख पुन्हा पाहिली, कारण निर्मात्याने दिलेल्या मुदतीतला सिलिंडर वापरणे ही नेमबाजाची स्वतःची जबाबदारी असते.

नव्या सीटने पहिले दहा-पंधरा शॉट लहर दाखवली. आकडे १६७ ते १७४ मधे फिरत होते आणि माझा जीव खालीवर होत होता. "टेकू दे तिला," काका म्हणाले. पिस्टनला नव्या प्लास्टिकवर आपली रेघ उमटवायला थोडे शॉट लागतात. तिसाव्या शॉटच्या आसपास वेग १७० आणि १७२ च्या मधे येऊन बसला. मग शिकंज्यात तीच परीक्षा घेतली : वीस शॉट, दहा मिनिटांचा थांबा, एकविसावा शॉट. क्रोनोग्राफवर १७२ आला आणि कागदावरचे भोक होते तसेच गोल राहिले. मी आणखी अर्धा तास थांबून बाविसावा मारला, तोही त्यातच गेला. अडॅप्टरला आता टोपण आहे, दोऱ्याने बांधलेले, म्हणजे हरवायचे नाही.

त्या संध्याकाळी स्पर्धेचा कागद घेऊन सरांकडे गेले. पेन्सिलने लिहिलेले सेकंद त्यांनी चष्मा वर करून एकेक वाचले, सात शॉटवर बोट ठेवले आणि "हे रायफलचे" असे मान्य केले. मग बोट उरलेल्या दोन शॉटवर नेले. तेही लांब थांब्यानंतरचेच होते, पण वर न जाता डावीकडे गेले होते, आणि तिथे कुठलाच रेग्युलेटर गोळीला नेत नाही. "आणि हे?" त्यांनी विचारले. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता त्या दोन शॉटवर काम सुरू झाले.